तालमीशिवाय मैफल: दौऱ्यावरचे जॅझ वादक छोट्या खोलीत काय करतात

नोव्हेंबर १९६१ मध्ये झूट सिम्स हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक लंडनच्या ‘रॉनी स्कॉट्स’ क्लबात वाजवायला आला, तो एकटाच. बरोबर पियानिस्ट नाही, ड्रमर नाही, बेसवादक नाही. क्लब म्हणजे सोहो भागातल्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या ३९ नंबरच्या इमारतीचं तळघर. रॉनी स्कॉट आणि पीट किंग या दोन सॅक्सोफोनवादकांनी ते दोनच वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. क्लबाचा स्वतःचा पियानिस्ट होता, स्टॅन ट्रेसी. त्याच्या जोडीला तिथलेच बेस आणि ड्रम्स वाजवणारे. या मंडळींबरोबर सिम्सने चार आठवडे मुक्काम ठोकला.

तो एकटा येण्यामागे आधी एक नियम होता. १९३० च्या दशकापासून ब्रिटनमधल्या वादकांच्या युनियनच्या आग्रहामुळे अमेरिकन वादकांना तिथे कामाचा परवाना मिळणं जवळजवळ अशक्य झालं होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यात अदलाबदल सुरू झाली: तुमचा एक बँड इकडे, आमचा एक तिकडे. पण ती मोठ्या बँडांच्या दौऱ्यांपुरती. एका वादकाने एका क्लबात काही आठवडे वाजवायचं, ही सोय पीट किंगने खटपट करून मिळवली. सिम्सच्या बदल्यात टबी हेज हा इंग्रज सॅक्सोफोनवादक न्यूयॉर्कच्या ‘हाफ नोट’ क्लबात वाजवून आला.

नियम नसता तरी सिम्स बहुधा एकटाच आला असता. चौघांपेक्षा एकाचा प्रवास स्वस्त पडतो, हे उघड आहे. पण मुळात बाकीच्या तिघांना आणायची गरजच नव्हती. हे संगीत असं रचलेलं आहे की परक्या गावातल्या परक्या वादकांबरोबर पहिल्याच संध्याकाळी मैफल उभी राहते. आणि ते असं का रचलं गेलं याचं अर्धं उत्तर तळघराच्या आकारात आहे. जॅझचा दौरा, छोटी खोली आणि पैशांची ओढाताण यांनी एकमेकांना घडवलंय. एकीला बाजूला ठेवून दुसरी समजत नाही.

कागदाशिवाय कसं जमतं?

ख्याल ऐकणाऱ्याला यातलं निम्मं कोडं आधीच सुटलेलं असतं. गायक आणि तबलजी मैफलीच्या आधी तासभर भेटले तरी चालतं, कारण तीनताल दोघांच्याही अंगात मुरलेला असतो. जॅझमध्येही आवर्तन आहे, फक्त ते लांब आहे, आणि त्यात मात्रांबरोबर कॉर्ड्सही, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छही, फिरत असतात.

सर्वांत नेहमीचा साचा ३२ बारांचा. चार मात्रांचा एक बार, म्हणजे एका आवर्तनात १२८ मात्रा. त्याचे आठ-आठ बारांचे चार तुकडे: पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. दुसरा साचा १२ बारांच्या ब्लूजचा. प्रत्येक बारात कोणती कॉर्ड आहे हे ठरलेलं असतं आणि आवर्तन संपलं की तोच क्रम पुन्हा सुरू. मूळ चाल एकदा वाजवून झाली की ती बाजूला पडते, कॉर्ड्सचं चक्र मात्र फिरत राहतं. एकल वादन करणारा त्या चक्रावर नवी चाल रचतो. त्यामुळे सोलो कितीही भरकटल्यासारखा वाटला तरी चौघांनाही ‘आपण आत्ता कुठे आहोत’ हे ठाऊक असतं. श्रोत्याला हे एकदा कळलं की जॅझ ऐकण्यातली निम्मी भीती जाते. मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत राहायचं. सोलो आपोआप तिच्याशी बोलताना ऐकू येतो.

हे साचे सगळ्यांना पाठ असतात ते ‘स्टँडर्ड्स’मुळे. १९२० ते १९५० च्या दरम्यानच्या अमेरिकन संगीतिकांमधली आणि चित्रपटांमधली गाणी, शिवाय जॅझ वादकांनी स्वतः बांधलेल्या चाली, मिळून काहीशेंचा एक सामाईक साठा आहे. जॉर्ज गर्श्विनचं ‘आय गॉट रिदम’ १९३० सालचं. त्याच्या कॉर्ड्सच्या क्रमावर पुढच्या पिढ्यांनी इतक्या नव्या चाली बांधल्या की त्या क्रमालाच ‘रिदम चेंजेस’ असं नाव पडलं. कॉपीराइट चालीवर आणि शब्दांवर असतो, असा सर्वसाधारण कॉर्ड-क्रम कुणाच्या मालकीचा होत नाही. त्यामुळे जुन्या सांगाड्यावर नवी चाल चढवली की ती कायद्यानेही आपलीच. मंचावर कुणी नुसतं ‘रिदम चेंजेस, बी फ्लॅट’, म्हणजे क्रम आणि स्वरपट्टी, एवढं म्हटलं की बाकीच्यांना एवढी माहिती पुरते.

एवढंही मोठ्याने बोलावं लागतंच असं नाही. स्वरपट्टी बोटांनी सांगता येते: बोटं वर केली तर त्या पट्टीत तितके शार्प (चढवलेले स्वर), खाली केली तर तितके फ्लॅट (उतरवलेले स्वर). लय चुटकीवर दिली जाते. सोलो चालू असताना म्होरक्याने स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं की अर्थ, ‘आता मूळ चालीवर परत’. चार बोटं दाखवली की चार-चार बारांची सवाल-जवाबी, बहुतेक वेळा ड्रमरबरोबर. शेवटाला मुख्य चालीचे अखेरचे चार बार तीनदा म्हणून थांबायचं, ही तर तिहाईच म्हणा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरून असं वाटतं की सॅक्सोफोनवाला उत्स्फूर्त वाजवतोय आणि बाकीचे ठेका धरून बसलेत. खरं तर साथ देखील त्याच क्षणी रचली जात असते. बेसवादक मात्रेमात्रेला एक स्वर टाकत एका कॉर्डकडून दुसरीकडे चालत जातो, आणि ती वाट दर आवर्तनाला वेगळी असते. पियानिस्ट कुठे कॉर्ड टाकायची, कुठे गप्प बसायचं हे सोलो ऐकून ठरवतो. ड्रमरची लय राइड सिंबल या मोठ्या झांजेवर चालते, पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट ही झांजांची जोडी बंद होते, आणि डावा हात मोकळा राहतो, मध्येच टोमणा मारायला. साथीदार परके असतील तर पहिलं आवर्तन बहुधा एकमेकांना चाचपण्यात जातं. कोण पुढे धावतो, कोण रेलून वाजवतो हे त्यात कळतं.

ही पद्धत निर्दोष नाही. सामाईक साठ्यावरच भागवायचं ठरवलं तर गावोगावी तीच तीस-चाळीस गाणी वाजतात. १९७० च्या दशकाच्या मध्यात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या परिसरात या चालींची एक बेकायदा वही तयार झाली. फोटोकॉपी होत होत ती जगभर गेली आणि तिच्यातल्या चुकांसकट पाठ झाली. कायदेशीर आवृत्ती यायला २००४ उजाडलं. शिवाय आजचे बरेच वादक स्वतःच्याच रचना वाजवतात, त्यात सात मात्रांचे बार, मध्येच बदलणारी लय वगैरे असतं. असं संगीत घेऊन एकट्याने दौरा करायचा म्हणजे स्वरलिपी आठवडाभर आधी पाठवायची आणि साउंडचेकच्या, म्हणजे मैफलीआधीच्या आवाजतपासणीच्या, तासाभरात कठीण जागा उरकायच्या. मला विचाराल तर अशा मैफलींत नजर कागदावर आणि कान अर्धेच जागे, असं अनेकदा होतं. स्वतःच्या रचना वाजवायच्या असतील तर स्वतःचे साथीदार हवेत, आणि तिथे खर्चाचा प्रश्न येऊन उभा राहतो.

अठरा जणांवरून चौघांवर

१९३० च्या दशकातला जॅझचा दौरा अगदी वेगळा दिसायचा. पंधरा-अठरा जणांचा बँड, बस, आणि रोज नवं गाव. नाचायला आलेल्या शेकडो जोडप्यांसमोर वाजवायचं. कृष्णवर्णीय वादकांसाठी तर मैफलीपेक्षा रात्रीचा मुक्काम कठीण होता. कोणत्या गावात राहायला आणि जेवायला मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका १९३६ पासून निघू लागली, ती उगाच नाही. ड्यूक एलिंग्टन या बँडप्रमुखाने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दौऱ्यांसाठी रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्याने घेतले. बँड झोपायचा तिथेच, जेवायचा तिथेच, म्हणजे कुणाच्या दारात उभं राहायला नको.

दुसऱ्या महायुद्धाने हा गाडा खिळखिळा केला. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, वादक लष्करात गेले. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकेत गाणं किंवा नाच असलेल्या खाण्यापिण्याच्या जागांवर ३० टक्के करमणूक कर लागला. काही महिन्यांत तो २० टक्क्यांवर आला, पण पूर्ण रद्द व्हायला १९६५ साल उजाडलं. त्यात एक पळवाट होती: फक्त वाद्यसंगीत, ना गायिका ना नाच, तर कर नाही. मालकाच्या दृष्टीने हिशेब सोपा होता. टेबलं नाचाच्या जागेवर सरकवा, लोकांना बसवून ठेवा, चार-पाच वादक आणा. १९४६ च्या अखेरीला वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासारख्यांनी लागोपाठ बँड मोडले.

या करानेच आधुनिक जॅझ जन्माला घातला, असं म्हणण्याचा मोह काहींना होतो. ते ताणणं आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या ‘मिंटन्स प्लेहाउस’ क्लबात थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, केनी क्लार्क ही मंडळी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नव्या वाटा शोधत होती, कर लागायच्या आधी. करामुळे इतकंच झालं की बसून ऐकण्याच्या वेगवान, गुंतागुंतीच्या संगीताला धंद्याच्या दृष्टीने जागा मिळाली.

नियमांनी दिलं तसं हिरावलंही. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात दारू मिळणाऱ्या जागी वाजवायला पोलिसांनी दिलेलं ‘कॅबरे कार्ड’ लागायचं. पियानिस्ट मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं आणि पुढची सहा वर्षं तो स्वतःच्याच शहरातल्या क्लबांमध्ये वाजवू शकला नाही. १९५७ मध्ये ते परत मिळालं आणि ‘फाइव्ह स्पॉट’ या छोट्या क्लबात त्याने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला घेऊन काही महिने सलग वाजवलं. याच शहरात आणखी एक चमत्कारिक नियम होता: कॅबरे परवाना नसलेल्या जागेत जास्तीत जास्त तीन वादक, आणि तेही पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार किंवा तंतुवाद्यं वाजवणारे. ड्रम्स नको, ट्रंपेट नको, सॅक्सोफोन नको. म्हणजे जॅझची ओळख असलेली वाद्यंच बाहेर. कोर्टाने आधी वाद्यांवरची आणि १९८८ मध्ये संख्येवरची बंदी मोडून काढली. तोवर किती पियानो-बेस जोड्या केवळ या नियमामुळे जुळल्या असतील!

खोली काय करते

न्यूयॉर्कचा ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ १९३५ साली मॅक्स गॉर्डनने सुरू केला. पाचरीच्या आकाराचं तळघर, १२३ माणसांची मर्यादा. २५ जून १९६१ च्या रविवारी तिथे पियानिस्ट बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण झालं. बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट, म्हणजे पाच बैठका. त्या रेकॉर्ड ऐकताना ग्लासांची किणकिण आणि मागच्या टेबलांवरच्या गप्पा स्पष्ट ऐकू येतात. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. त्रिकुटातल्या बेसने नुसतं चालत न राहता पियानोशी बरोबरीने बोलायचं, ही तऱ्हा पुढच्या पिढ्यांनी त्या एका दिवसाच्या रेकॉर्डवरून घोटली.

ती तऱ्हा तिथेच नीट का जमली याचं एक कारण भौतिकशास्त्रात आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. छोट्या मंचावर ड्रमर आणि बेसवादक दोन-तीन मीटरवर असतात, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत सहा ते नऊ मिलिसेकंदांत पोचतो. मोठ्या मंचावर दोघं बारा मीटर लांब असतील तर ३५ मिलिसेकंद. आकडा किरकोळ वाटतो, पण मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, आणि स्विंगचा, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीचा, सगळा खेळ त्या मात्रेच्या आत, सिंबलचा ठोका किंचित पुढे की किंचित मागे यावर चालतो. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा उशीर असला की वादकांना एकमेकांना धरून ठेवणं जड जातं, नकळत लय ढिली पडू लागते. मोठ्या मंचावर यावर उपाय म्हणून प्रत्येकासमोर मॉनिटर स्पीकर ठेवतात. त्याने उशीर मिटतो, पण मग वादक एकमेकांना ऐकण्याऐवजी ध्वनियंत्रणेवर बसलेल्या माणसाने केलेलं मिश्रण ऐकतात.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पट्ट्याची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी भर घालतो म्हणून उतार तेवढा तीव्र नसतो, तरी चार मीटरवरच्या श्रोत्याला ब्रशची सळसळ, बेसच्या तारेवर बोट घसरल्याचा आवाज, सॅक्सोफोनच्या आधीचा श्वास हे सगळं मायक्रोफोनशिवाय मिळतं. जुन्या वळणाचे ड्रमर बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) चारही मात्रांवर इतका हलका वाजवतात की तो कानाला कळत नाही, फक्त बेसच्या स्वराला बूड मिळतं. मोठ्या सभागृहात त्याचा पत्ताही लागत नाही. स्पीकरमधून मोठा केला तर तो नुसता दणका होतो.

छोट्या खोलीचे तोटेही आहेत, आणि ‘जवळीक’ या शब्दाखाली ते झाकले जातात. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार मीटर अंतर असेल तर सुमारे ४३ हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यात अडकून घुमतो. डबल बेसचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. म्हणजे तो स्वर आणि त्याचा शेजारी भसाभस घुमणार, आणि वरचा एखादा स्वर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होणार. बेसवादकाला हे ठाऊक असतं; साउंडचेकला तो एकेक स्वर चढत जातो तो खोली तपासायला. ड्रमर संध्याकाळी रिकाम्या खोलीत वाजवून बघतो तेव्हा सिंबल कर्कश वाटते, कारण टणक भिंती आणि रिकाम्या खुर्च्या काहीच शोषत नाहीत. माणसं आली की त्यांचे कपडे उंच पट्टीचा आवाज गिळतात आणि रात्री सगळं मऊ होतं. हे न कळलेला ड्रमर साउंडचेकला बिचकतो आणि रात्री फार हळू वाजवतो. आणि अशा खोलीत प्रत्येक वाद्यासमोर माइक लावून सगळं स्पीकरमधून पाठवणारे आयोजकही असतात. त्यांना मी काही म्हणत नाही, फक्त तिकीट काढण्याआधी चौकशी करतो.

हिशेब

आता गणित. समजा खोलीत ७० खुर्च्या आहेत आणि रात्री दोन सेट होतात, दोन्हींना वेगळं तिकीट. सगळं भरलं तर १४० तिकिटं. मंगळवारी सगळं भरत नाही, ८० धरू. त्यातला चौथा हिस्सा जागेकडे गेला तर उरली ६० तिकिटं. वादक चार. प्रत्येकाच्या वाट्याला १५ तिकिटांचे पैसे. त्यातून प्रवास, मुक्काम, जेवण, भाड्याचं वाद्य, बुकिंग एजंटचा टक्का. उरतं काय, ते सांगायला नको.

म्हणून करार वेगवेगळ्या तऱ्हांचे असतात. ‘गॅरंटी’ म्हणजे कुणी येवो न येवो, ठरलेली रक्कम द्यायची, धोका मालकाचा. ‘डोअर डील’ म्हणजे दारावर जमेल त्यातला हिस्सा, धोका वादकाचा. दोन्हींच्या मधली तऱ्हा अशी की गॅरंटी आणि हिस्सा यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. खोली जितकी छोटी तितका कल दाराकडे झुकतो, कारण ७० खुर्च्यांचा मालक गॅरंटी देऊन दोन वाईट आठवड्यांत बुडू शकतो. बरेच क्लब तिकिटावर चालतच नाहीत, खाण्यापिण्यावर चालतात. तिकिटाचे पैसे वादकांचे आणि ग्लासाचे पैसे घराचे. दोन सेटांच्या मध्ये प्रेक्षक बदलण्याची घाई असते ती याचसाठी.

दौरा आखण्याचं तंत्र या आकड्यांवरूनच आलंय. आधी एक-दोन भक्कम पैशाच्या तारखा मिळवायच्या: महोत्सव, विद्यापीठ, सरकारी अनुदान असलेलं सभागृह. मग त्यांच्या मधले दिवस छोट्या क्लबांनी भरायचे. रिकामा दिवस हा सुट्टीचा दिवस नसतो, त्या दिवशी हॉटेलचं बिल चालू आणि आवक शून्य. म्हणजे छोट्या खोलीत ऐकलेली मैफल बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर तोललेली असते. दुपारी विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा आणि रात्री क्लब, ही जोडी त्यातूनच रूढ झाली.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये याचं मूळ दाखवलं. कारखान्यात यंत्रं सुधारली की तेवढ्याच कामगारांकडून जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढवता येतात. चौघांना अर्ध्या तासाची रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, आजही तेवढंच लागतं. बाकी समाजातले पगार वाढत गेले की वादकांचं जगणंही महाग होत जातं, त्यांची ‘उत्पादकता’ मात्र तिथेच. तिकीट महाग करा, अनुदान द्या किंवा वादकाने कमी पैशात राबावं, याखेरीज चौथा रस्ता फारसा नाही. मोठं सभागृह खुर्च्या वाढवून काही काळ पळ काढू शकतं. छोट्या खोलीला तीही सोय नाही.

फ्रान्सने अनुदानाचा रस्ता धरला: बारा महिन्यांत ५०७ तास काम दाखवलं की मंचावरच्या कलावंताला मधल्या बेकार दिवसांचा भत्ता मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात सॅम रिव्हर्ससारख्या वादकांनी राहत्या लॉफ्टमध्येच (जुन्या गोदामांच्या मोकळ्या मजल्यावर) मैफली भरवल्या. ‘स्टुडिओ रिव्हबी’ हे त्याचं घरही आणि क्लबही. दिवाणखान्यातल्या मैफली आजही त्याच हिशेबावर चालतात, भाडं शून्य, मध्यस्थ शून्य.

सगळ्यांत मोठा बदल मुक्कामात झालाय. १९५९ च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये दोन आठवड्यांसाठी आला आणि अडीच महिने राहिला. अशा मुक्कामात संगीत रात्रीगणिक सुधारतं, लोक पुन्हा येतात, भांडतात, मित्राला घेऊन परत येतात. आता बहुतेक दौरे एका रात्रीचे. व्हॅनगार्ड अजून मंगळवार ते रविवार एकाच बँडला देतो, रात्री दोन सेट, आणि सोमवार १९६६ पासून घरच्या मोठ्या बँडचा. पण तो अपवाद. एका रात्रीच्या मुक्कामात वादक खोली ओळखेपर्यंत सामान बांधायची वेळ होते. यात जॅझचं खरं नुकसान झालं असं मला वाटतं, रेकॉर्ड विकल्या जात नाहीत त्यापेक्षाही जास्त.

सामान

सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट बरोबर जातो. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने, जागा असल्यास, छोटी वाद्यं केबिनमध्ये नेऊ देणं विमान कंपन्यांना बंधनकारक झालं. त्याआधी ते काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर होतं. ड्रमर ड्रम नेत नाही, सिंबल नेतो. ड्रम्स कुठेही भाड्याने मिळतात, पण राइड सिंबल हा त्याचा आवाज असतो. डबल बेस माणसाएवढा उंच, त्याच्या कडक पेटीसकट तो नेणं म्हणजे आणखी एक प्रवासी नेणं; म्हणून कुणी मान सुटी करता येणारा बेस घेतात, कुणी गावात मिळेल तो वाजवतात. पियानिस्टच्या हातात काहीच नसतं. समोर येईल तो पियानो त्याचा. कुठली पट्टी अडकते, कुठला सप्तक गंजलाय हे तो साउंडचेकला पाहून ठेवतो आणि रात्री त्या जागा टाळत वाजवतो. श्रोत्याला ती शैली वाटते.

कागदपत्रं हा वेगळाच ताप. परदेशी कलावंताच्या अमेरिकेतल्या मानधनातून, सवलत मिळवली नसेल तर, ३० टक्के कर आधीच कापला जातो, खर्च वजा न करता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटिश वादकांना शेंगेन क्षेत्रात (आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लागली, शिवाय प्रत्येक देशाचे कामाचे नियम निराळे. चार देश, चार रात्री आणि ७० खुर्च्या असा दौरा असेल तर एवढी कागदं कोण रंगवणार?

म्हणून सिम्सची पद्धत अजून टिकून आहे: एकटा पाहुणा, घरचं त्रिकूट. याचा फायदा पाहुण्यापेक्षा घरच्यांना जास्त होतो. १९६० च्या दशकात डेक्स्टर गॉर्डन आणि बेन वेब्स्टरसारखे अमेरिकन युरोपात येऊन राहिले तेव्हा कोपनहेगनच्या ‘माँमार्त्र’ क्लबात त्यांच्या मागे बेस वाजवायला नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन नावाचा शाळकरी वयाचा मुलगा होता. रोज रात्री नवा उस्ताद, नवी गाणी, आणि चुकलात तर तिथल्या तिथे कळणार. सतराव्या वर्षी त्याला काउंट बेसीच्या बँडचं बोलावणं आलं आणि त्याने ते नाकारलं. स्टॅन ट्रेसीनेही सात वर्षं लंडनच्या त्या तळघरात अशीच काढली. कोणत्याही संगीतशाळेच्या अभ्यासक्रमात हे बसत नाही.

अशा मैफलीला जाणार असाल तर दुसरा सेट निवडा. पहिल्यात वादक खोली आणि एकमेकांना तपासत असतात, आणि पहिल्या सेटमधले काही श्रोते घड्याळाकडे बघत असतात. ड्रमरचा उजवा हात दिसेल अशी खुर्ची धरा, बेसच्या बाजूची मिळाली तर उत्तम. एखादा सोलो आवडला तर तो संपल्यावर टाळी वाजवायला हरकत नाही, तिथे तशीच रीत आहे, फक्त बेसचा सोलो सुरू झाला म्हणून बोलायला सुरुवात करू नका. निघताना दाराजवळच्या टेबलावर रेकॉर्ड किंवा सीडी मांडलेल्या असतील. त्यांचे पैसे बहुतेक वेळा थेट वादकाच्या खिशात जातात, आणि पुढच्या गावचं रेल्वेचं तिकीट बऱ्याचदा त्यातूनच निघतं.